साऱ्यांले येकच माप

"बेटी, हा पट्टा काढ, नाई तं हातच कापून टाक," अचलपूरच्या जमीला खाला, म्हणजे जमीलामावशी, मला म्हणाल्या.

तेव्हा मी अमरावतीच्या एका हॉस्पिटलात कॅथ लॅबची सिस्टर होते. कॅथ लॅब म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडतात ती खोली. खालांच्या उजव्या मनगटातून नळी घालून स्टेंट बसवला, त्याला अर्धाच तास झाला होता. नळी काढली की तिथून रक्त उसळतं, म्हणून मनगटाला प्लास्टिकचा पट्टा बांधतात. त्यात एक फुगा असतो. सिरिंजने हवा भरली की तो जखमेवर दाबून बसतो. मी सरसकट पंधरा सीसी हवा भरायचे. माझ्या पेशंटचं थेंबभर रक्त सांडत नाही, याचा मला मोठा तोरा होता.

"थोडं दुखणारच, खाला. सहन करा."

"दुखलं असतं तं बोलली नसती. बोटं थंडी पडून राहिली. याच हातानं मले बांगड्या भराच्या हायेत."

खाला मणियार घरातल्या. बायकांना बांगड्या भरणं हा त्यांचा पिढीजात धंदा. ती नापिकीची वर्षं होती. गावोगावची लग्नं पुढे ढकलली जात होती आणि खालांचं दुकान बसलं होतं. आता कुठे एक लग्न ठरलं होतं, पंधरा दिवसांवर.

"हवा किती भरली?"

"सगळ्यांना भरते तेवढीच."

खालांनी डाव्या हाताने माझा पंजा धरला, अंगठ्याखाली दाबून पाहिला. "तुले सव्वादोनची बांगडी लागते. त्या बाजूच्या खाटेवरच्या पहेलवानाले तीनची बी नाई चढनार. साऱ्यांले येकच माप भरलं असतं तं माही एक बांगडी साबूत नसती राह्यली."

मला राग आला. बांगडीवाली मला काम शिकवते? पण त्यांची नखं निळसर दिसत होती. मी ऑक्सिमीटरची चिमटी त्यांच्या अंगठ्याला लावली. पंजाला रक्त दोन वाहिन्यांतून येतं. करंगळीकडची मी बोटाने दाबून धरली. आता पट्ट्याखालच्या वाहिनीची लाट स्क्रीनवर दिसायला हवी होती. तिथे सरळ रेघ होती. वाहिनी अशी तासन्‌तास बंद राहिली तर कायमची बुजू शकते. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

"सर, पट्टा सैल करू?"

"रक्त थांबलंय ना?"

"थांबलंय. नाडीही थांबलीय."

"कर. एकेक सीसी. मी येतोच."

अकरावर लाट उठली. दहावर रक्ताचा थेंब आला. एक सीसी परत भरला आणि तिथेच थांबले.

"आता, खाला?"

"आता माहा हात हाय."

महिन्याने खाला तपासणीला आल्या. लग्नातल्या बायांना बांगड्या भरून झाल्या होत्या. "हात ढिला सोड," म्हणाल्या आणि सहा हिरव्या बांगड्या मला चढवल्या. एकही पिचली नाही. मी दुसऱ्या हाताने त्यांची नाडी पाहून घेतली. छान लागत होती. ड्युटीवर बांगड्या घातल्या म्हणून मेट्रनबाईंची बोलणी खाल्ली, ती वेगळी.

आता मी नव्या सिस्टर्सना शिकवते. पट्टा हातात देण्याआधी प्रत्येकीला पेशंटचा पंजा दाबून पाहायला लावते. रक्त काय, करकचून आवळलं तर कुणाचंही थांबतं.