प्रमिलाकाकूंचं काळं मंजन

भोपाळच्या पिपलानीत आमच्या क्वार्टरांच्या ओळीत कुणाचा दात ठणकला की दवाखान्याच्या आधी लोक प्रमिलाकाकूंचं दार गाठायचे. कडी वाजवावी लागायची नाही, कारण दार दिवसभर उघडंच असायचं. दारातल्या वेताच्या खुर्चीत काकू पाय वर घेऊन बसलेल्या, डाव्या तळव्यावर चिमूटभर काळी पूड आणि उजव्या हाताचं बोट तोंडात. आपण काही विचारलं तर आधी डोळ्यांनीच थांब म्हणायच्या, कढीलिंबाच्या मुळाशी थुंकायच्या आणि मग, "हं, बोल आता."

त्या अमरावतीकडच्या. दत्तात्रयकाका इथे कारखान्यात फिटर होते, म्हणून लग्नानंतर त्या भोपाळला आल्या. काका गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. मुलगा रवींद्र नागपूरला चला म्हणत होता. काकू गेल्या नाहीत. आमच्या क्वार्टरच्या मागच्या वस्तीत दोन खोल्या घेऊन राहिल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं दार दिसतं; मध्ये फक्त एक अरुंद बोळ, बोललेलंही ऐकू येतं. "तुही पोरगी सोडून कुठं जाऊ?" एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं.

माझी पोरगी म्हणजे जुई. मी शाळेत शिकवायला जायचे आणि ती काकूंच्या मांडीवर वाढली. तिला पहिला दात आला तो त्यांनी पाहिला, मी नाही. जुई त्यांना काकूआजी म्हणते. रवींद्रच्या आधी काकूंची दोन बाळं गेली होती, दोन्ही अपुऱ्या दिवसांची. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, गहू निवडता निवडता, मान वर न करता.

जुई आता भोपाळातच, अशोका गार्डन भागात सासरी असते. तिला पाचवा महिना लागला आणि साखर वाढलेली निघाली, तेव्हा जावई संकेतनेच तिला आमच्याकडे आणून सोडलं. त्याच सुमारास तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पेरू खाल्ला तरी पेरूवर रक्त. सकाळी बेसिन लाल दिसलं की मी तिला तोंड उघडायला लावायचे.

त्याच वेळी आमच्या वस्तीच्या हॉलमध्ये दंत महाविद्यालयाच्या डॉक्टर गौरी गरोदर बायकांच्या हिरड्या तपासत होत्या. हिरड्यांचा आजार, आईची साखर आणि बाळाचं वजन, या तिन्हींचा संबंध काय, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. त्यांनी मला नीट समजावलं होतं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आवरत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशीही संबंध दिसतो, पण हिरड्या बऱ्या केल्या की तो धोका टळतोच का, हे अजून नक्की कुणाला माहीत नाही. "म्हणून तर शोधतोय," त्या म्हणाल्या. बारीक खुणा असलेली सळई त्यांनी जुईच्या दाताशेजारी हळूच सरकवली, हिरडी दातापासून किती सुटली आहे ते मोजलं, दात साफ करून दिले आणि मऊ ब्रश वापरायला सांगितलं.

ब्रश लावला की रक्त यायचंच. जुई रडायची. एक दिवस काकू आल्या, तिची हनुवटी धरून तोंडात पाहिलं आणि म्हणाल्या, "अवं, हे काय झालं पोरीचं! योगिनी, माहं मंजन दे तिले."

मी विचारलं, "काकू, यात काय काय असतं?"

"बदामाची टरफलं जाळून, तुरटी, लवंग, हिरडा, सैंधव. आखीन काय असणार? तू बी.एस्सी. झालेली, वास घेऊन सांग."

मी वास घेतला. लवंगेचा भपकारा आला. मी डबी जुईला दिली.

आठवड्याभरात रक्त थांबलं. अगदी थांबलं. मी काकूंच्या पाया पडले. जुईसाठी मी मुद्दाम टरफलाचे बदाम आणायला लागले, म्हणजे टरफलं काकूंना देता येतील. पिशवी भरली की मी स्वतः नेऊन द्यायचे. जुई आता दुपारीही मंजन करायची, संध्याकाळीही. मला वाटलं, मुलगी अखेर दातांची काळजी घ्यायला शिकली.

सातव्या महिन्यात दुसरी तपासणी होती. मी मंजनाची डबी सोबत नेली. डॉक्टरांना म्हणायचं होतं, तुमच्या संशोधनात हेही घ्या.

गौरी मॅडमनी सळई सरकवली, थांबल्या, पुन्हा मोजलं. म्हणाल्या, "रक्त अजिबात नाही. पण हिरडी आधीपेक्षा जास्त सुटलीय. आजार वाढलाय आणि रक्त मात्र नाही, असं आम्हाला तंबाखू लावणाऱ्यांमध्ये दिसतं. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात. आजार आत चालूच राहतो, बाहेर कळत नाही."

मी हसले. "मॅडम, आमच्या घरात सुपारीसुद्धा नसते." आणि मोठ्या ऐटीत डबी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी झाकण काढलं, पूड बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"ही मशेरी आहे. भाजलेली तंबाखू. लवंगेने वास झाकलाय."

मी जुईकडे पाहिलं. तिला धक्का बसायला हवा होता. ती चपलेचा पट्टा नीट करत होती. सोनोग्राफीत बाळाचं वजन कमी आलं होतं, त्याचा कागद माझ्या पर्समध्ये होता. डॉक्टर बाळासाठी हे मंजन का वाईट ते सांगत होत्या. मला फक्त तो चपलेचा पट्टा दिसत होता.

घरी न जाता मी सरळ काकूंकडे गेले.

"काकू, तुम्ही माझ्या मुलीला तंबाखू दिलीत?"

"तंबाखू खातात ते पानठेल्यावाले. मी मंजन करते. एकादशीलेही करते. तंबाखू असती तं उपासाला तोंडात घातली असती का मी?"

"मग मला सांगताना तेवढंच एक का वगळलंत?"

काकू पदराने तळवा पुसत राहिल्या. "तव्यावर भाजली की तिचं विष जळते, माही माय सांगे. तुले नाव सांगतलं असतं तं तू घेऊ दिलं असतं का? पोरगी रडत होती माही."

"तुमची?"

हे मी फार मोठ्याने म्हटलं. शेजारची बाई डोकावली.

काकूंचा आवाज बारीक झाला. "जुईले मी पहिल्याच आठवड्यात सांगतलं होतं. तीच म्हणे, आईले नका सांगू."

जुई माझ्या मागे दारात उभी होती. म्हणाली, "आई, रक्त दिसलं की तू दिवसभर मोबाईलवर काय काय वाचून माझ्यासमोर रडायचीस. सारखं आपलं, तोंड उघड, तोंड उघड. रक्त थांबलं और घर में शांती हो गई. बस, इतनी सी बात थी."

"आणि आता?"

"आता मंजन सुटत नाहीये."

मी दोघींकडे पाहिलं. आणि मी टरफलं जमवत होते. ती मंजन करून आली की मी खूश व्हायचे, आणि या दोघी मला खूश होऊ देत होत्या.

पुढच्या तपासणीच्या वेळी काकू न बोलावता हॉलवर आल्या. आल्याआल्या गौरी मॅडमसमोर तोंड उघडून बसल्या. हिरड्या दातांपासून पार सुटलेल्या, पुढचा दात बोटाने हलत होता, साखर कधी तपासलेलीच नव्हती, ती भरपूर निघाली. एवढी वर्षं त्यांच्याही हिरडीतून कधी रक्त आलं नव्हतं. त्यालाच त्या चांगले दात म्हणत आल्या होत्या.

मॅडमनी हात धुतले तेव्हा काकूंनी विचारलं, "बाई, माही दोन लेकरं गेली. यानंच का?"

गौरी मॅडम म्हणाल्या, "काकू, एका बाईबद्दल असं सांगता येत नाही. हजार बायकांबद्दल सांगता येतं."

"मी का हजार बायका आहे?" काकू म्हणाल्या आणि उठल्या. माझ्या शेजारून गेल्या. मी त्यांना हॉलच्या पायऱ्या उतरायला हात दिला नाही. अजूनही ते मला चुकीचं वाटत नाही.

ही गोष्ट लिहायला बसले ती आज सकाळच्या प्रसंगामुळे. काकूंशी भांडण झालं त्याच दिवशी जुईने डबी माझ्यासमोर मोरीत ओतून दिली होती, पोटावर हात ठेवून शपथ घेतली होती. मी विश्वास ठेवला होता. आज चहा टाकताना खिडकीतून पाहिलं तर जुई काकूंच्या दाराशी उभी. दार बंद. त्या घराचं दार दिवसा बंद मी कधी पाहिलेलं नाही. ती कडी वाजवत होती.

"काकूआजी, थोडंसंच. डोकं फुटतंय माझं."

आत खुर्ची सरकली, आणि काकूंचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून.

"माहंही फुटते. जा घरी, जुई."

"एकदाच."

"जा म्हणलं ना."

जुई थोडा वेळ दाराला कपाळ टेकून उभी राहिली. मग परत आली. मी ओट्याशीच होते. मला पाहून दचकली.

"फिरायला गेले होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना," ती म्हणाली.

मी मऊ ब्रशवर पेस्ट लावली, तो तिच्या हातात दिला आणि ती दात घासून होईपर्यंत बेसिनपाशी उभी राहिले. थोडं रक्त आलं. मी ते पाण्याने धुतलं.