बेरिलचं मधलं फाटक

बेरिल टॅमलिननं गुरं-कुरणांसकट घर विकायला काढलं तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि तिच्या उजव्या खुब्याचं हाड कामातून गेलं होतं. मी तिची शेजारीण. मेलबर्नपासून लांबच्या आमच्या गिप्सलँड भागाच्या हिशोबात शेजारीण म्हणजे दोन टेकड्या पलीकडची. गावात दवाखान्याजवळ एक पायऱ्या नसलेलं छोटं घर तिनं पाहून ठेवलं होतं. एप्रिलमधल्या ईस्टरपर्यंत ते तिच्यासाठी अडवून ठेवू, पुढे नाही, असं तिथल्या घरमालकांनी स्पष्ट सांगितलं होतं.

विक्री बघणारा ब्रेडन हा चुणचुणीत मुलगा. त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोटो काढले. तिथून सात टेकड्या दिसतात आणि हवा स्वच्छ असली की त्यांच्यामागे समुद्राची निळी रेघ. ही खिडकी मोरीवर आली ती भांडून. लेस, म्हणजे तिचा वारलेला नवरा, म्हणत होता की बैठकीच्या खोलीत घेऊ, पाहुण्यांना दिसेल. बेरिल म्हणाली, पाहुणे वर्षातून चारदा येतात, भांडी मी रोज तीनदा घासते. लेसनं खिडकी मोरीवर बसवली. तो बहुतेक तिचंच ऐकायचा आणि सुखी होता.

ब्रेडननं सांगितलं तसं बेरिलनं सगळं केलं. जुनी कॅलेंडरं काढली, कुत्र्याचं पांघरूण धुतलं. फक्त फाटकांवर 'बंद ठेवा', 'उघडं ठेवा' अशा पाट्या लावायला ती तयार होईना. रस्त्यापासून तिच्या घरापर्यंत तीन फाटकं. पहिलं आणि तिसरं कायम बंद, मधलं कायम उघडं. आमच्याकडे लिहून ठेवायची रीत नाही. फाटक जसं दिसलं तसं ठेवून पुढे जायचं, एवढं आमची पोरं चालायला लागली की शिकतात.

फेब्रुवारीतल्या पहिल्याच शनिवारी मेलबर्नहून एक दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको आली. माणसं खरंच चांगली. खिडकीशी अर्धा तास उभी राहिली. ही भिंत पाडून सगळी काच लावायची, महिन्यातून दोन शनिवार-रविवार यायचं, गुरं काय, ती कुणाला तरी देऊन टाकायची, असं ती आपसांत ठरवतही होती. जाताना आठवणीनं तिन्ही फाटकं लावून गेली. दुपारी ब्रेडनचा फोन आला, मागितली तेवढी किंमत द्यायला ते तयार आहेत.

चारच्या सुमाराला गुरं हंबरायला लागली. आम्ही दोघी खाली गेलो. तिला चालवत नव्हतं, तरी आली. वरच्या कुरणातली चाळीस जनावरं मधल्या फाटकाला छाती लावून उभी होती आणि पाण्याचं टाकं पलीकडे. फेब्रुवारी म्हणजे आमचा ऐन उन्हाळा, त्या दिवशी एकोणचाळीस अंश होतं. मी फाटक उघडलं आणि बाजूला उडी मारली.

"सभ्य माणसं," बेरिल म्हणाली. "उघडं दिसलं ते लावून गेली. का उघडं असेल, हे नाही मनात आलं."

सोमवारी तिनं नाही म्हणून कळवलं. ब्रेडन धावत आला. म्हणाला, "मिसेस टॅमलिन, एका फाटकापायी कुणी घर विकायचं थांबवतं का?"

"मी विकायचं नाही थांबवलेलं, बाळा. त्यांना विकायचं थांबवलंय. हे घर महिन्यातले सव्वीस दिवस बंद राहायचं, ते मला नको. चहा घेणार?"

त्यानं घेतला. पण नंतर पाच आठवडे कुणी फिरकलं नाही. मार्चमध्ये ती मागच्या पायरीवरून घसरली आणि मी तिथवर पोचेपर्यंत तासभर जमिनीवर पडून होती. मग मात्र मी तिला वाट्टेल तसं बोलले. म्हटलं, तुझा हट्ट तुला खाणार एक दिवस, गावातलं घर हातचं जाईल आणि तू इथंच मोडून पडशील. ती म्हणाली, "पडले तर खिडकीकडे तोंड करून ठेव." मला राग आला आणि रडूही आलं.

ईस्टरला नऊ दिवस उरले असताना रिनी आणि तिचा नवरा कॉलम घर बघायला आले. दोघं बारा वर्षं दुसऱ्याच्या गोठ्यात दूध काढत होते, राहायला मालकाचं घर. मागच्या सीटवर तीन मुलं. आम्ही व्हरांड्यातून बघत होतो. पहिल्या फाटकाशी रिनी उतरली, उघडलं, गाडी आत आली, तिनं लावलं. मधल्याशी गाडी थांबली. रिनी उतरली, पण फाटकाला हात न लावता तिनं वर गुरांकडे बघितलं, मग खाली टाक्याकडे, आणि परत गाडीत बसली.

घरात शिरताच तिनं विचारलं ते खोल्यांबद्दल नव्हतं. "वर पाणी नाहीये ना? टाकं वर सरकवलं तर ते फाटक लावता येईल."

"लेस चाळीस वर्षं तेच म्हणायचा," बेरिल म्हणाली आणि किटली ठेवायला उठली.

डॉक्टरपेक्षा बरंच कमी देणं त्यांना जमत होतं. बेरिलनं तिथल्या तिथे हो म्हटलं. ब्रेडननं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, तिचं घर आहे.

गावातलं घर बेरिलला मिळालं, जूनमध्ये तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि ऑगस्टमध्ये रिनीनं आम्हाला चहाला बोलावलं. तीस वर्षं गाडी बेरिल चालवायची आणि फाटकांशी मी उतरायचे, कारण शेजारी बसेल त्यानं उतरायचं. आता चालवायला मी होते. ती काठी घेऊन उतरली, पहिलं फाटक उघडून परत लावलं. पुढे वळलो तर मधलं फाटक बंद, साखळी घातलेली. वरच्या कुरणात नवंकोरं टाकं होतं.

तिनं काठी हातात घेतली. मी म्हटलं, "राहू दे, मी उतरते."

"तू चालवतेयस."

ती उतरली. फाटक उघडून तिनं मला आत घेतलं. मग मागे वळून ते लावलं, साखळी अडकवली आणि दोनदा ओढून पाहिली, परक्याच्या फाटकाची पाहतात तशी. आत येऊन बसली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि चेहरा अगदी खूश.

"चल," ती म्हणाली, "पुढचंही बंदच असेल."