मूळ कागद

शैलाताई गेल्याचं त्यांच्या सुनेनं मला जिन्यातूनच सांगितलं. मी अंगण झाडत होते. "मावशी, आई गेल्या," एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसली. मी झाडू ठेवून तिच्याशेजारी बसले... आज सव्वा महिना झाला. बारावीचा निकाल लागून गेला, कॉलेजांचे प्रवेश सुरू आहेत, आणि पुंडलिकनगरच्या या घरात या दिवसांत पहिल्यांदाच सकाळी सातला "आवर लवकर, बस जाईल" असं कुणी कुणाला म्हणत नाही.

मी त्यांच्या खालच्या खोलीत भाड्यानं राहते, चार घरी पोळ्या करते. ताई मुलींच्या ज्या कॉलेजात शिकल्या, त्याच कॉलेजासाठी त्या आणि त्यांच्या दोन जुन्या वर्गमैत्रिणी दर वर्षी गावोगाव फिरून मुली आणायच्या. कॉलेज लहान. मुली कमी पडल्या तर तुकडी बंद होईल, ही धास्ती कायमची. माझं माहेर देवगाव रंगारीचं, शाळा चौथीपर्यंत. मला त्या सोबत का नेतात हे पहिल्या वर्षी मला कळलंच नाही. मग एकदा बसमध्ये म्हणाल्या, "अगं सुमन, बाप ओट्यावर हो म्हणतो आणि चुलीपाशी गेला की त्याचं नाही होतं. ओट्यावर आम्ही बसतो. तू आत जात जा." आत जाऊन मी काय बोलणार? भाकरी थापू लागायचे. थापता थापता मुलीची आईच विचारायची, होस्टेलचं दार किती वाजता लागतं, पोरगी आजारी पडली तर कोण बघतं... मला जेवढं माहीत तेवढं मी सांगायचे.

घरचे कबूल झाले की ताई त्याच बैठकीत मुलीची टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा मूळ दाखला, मागून घ्यायच्या. दुसऱ्या कॉलेजची माणसं येऊन मुलगी वळवतात म्हणून कॉलेजनंच तसं सांगितलं होतं. ताईंचं कारण वेगळं होतं. "कागद घरात राहिला की आठ दिवसांत स्थळ येतं," त्या म्हणायच्या. "कागद आपल्याकडे असला की बापाला शब्द फिरवता येत नाही." ते खोटं नव्हतं. दाखला कॉलेजात जमा झालाय एवढ्याच कारणानं लग्न टळलेल्या दोन मुली मी स्वतः पाहिल्या आहेत.

रेणुकाची गोष्ट चार वर्षांपूर्वीची. देवगावचीच मुलगी, हुशार, बोलायला धीट. ओट्यावर ताईंनी तिच्या वडलांना तास-दीड तास समजावलं. आत तिच्या आईनं पेटीतून दाखला काढला आणि हातातच धरून बसली. "आक्का, हरवायचा तर नाय ना?" मी म्हणाले, "माझ्या घरात हाय आसं समज." तेव्हा तिनं तो माझ्या हातात दिला. तीन आठवड्यांनी रेणुकाचा ताईंना फोन आला. सरकारी नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. दुसऱ्या दिवशी पाचच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. ताई "बघते" म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या वर्षी तुकडी कशीबशी भरली होती. रेणुका गेली की एक मुलगी कमी. त्या दिवशी ताई माझ्याशी चहापुरतंही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक दारात. ताईंनी वरून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "सांग, ताई गावाला गेल्यात." मी खाली येऊन तसं सांगितलं. सांगताना रेणुकाकडे पाहिलं नाही.

"कवा येत्याल?" तिच्या वडलांनी विचारलं.

"सांगून नाय गेल्या."

"बरं. बसतो मंग." ते पायरीवर बसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन हसत म्हणाले, "आमच्याकडं आल्या तवा बाई लई गोड बोलल्या, आक्का. खरवस खाल्ला, वर डब्यात घेऊन गेल्या. आता आमी आलो तर गावाला!" रेणुका म्हणाली, "आबा, साडेनऊ झाले." ते हसायचे थांबले. "बाईकडं बघून नाय दिला मी कागद. हिच्या मायनं तुमच्याकडं बघून दिला. तिला काय सांगू घरी जाऊन, आक्का?"

मी वर गेले. ताई दाराआडच उभ्या होत्या, सगळं ऐकलेलं. "ही गेली तर तुकडी बंद होईल, सुमन," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाकीच्या पोरींनी कुठं जायचं? त्यांचे बाप परत पाठवतील का त्यांना?" मी म्हणाले, "ताई, माझा चौथीचा दाखला आजून शाळेतच आसंल. कुणी मागायलाच गेलं नाय. हा बाप मागायला आलाय." ताईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "माझी पर्स दे."

त्या खाली आल्या तेव्हा रेणुकाचे वडील उठून उभे राहिले. "गावावरून लवकर आल्या, बाई," म्हणाले. "हो," ताई म्हणाल्या, "लवकरच आले."

कॉलेजातला क्लार्क म्हणाला, "मॅडम, तुम्हीच आणायची आणि तुम्हीच न्यायची? साहेब बाहेरगावी आहेत. सोमवारी या." ताई म्हणाल्या, "सोमवारी हिची जागा राहणार नाही." "पण आपली तुकडी राहील ना," तो म्हणाला. मग जेवायला गेला. ताई त्याच्या कपाटासमोर खुर्ची ओढून बसल्या. दोन वाजले, अडीच वाजले. रेणुका दर थोड्या वेळानं मोबाईल बघायची आणि पालथा घालायची. क्लार्क परत आला तेव्हा ताईंनी कागद पुढं केला. "मी माझ्या जबाबदारीवर नेते असा अर्ज लिहिलाय. सही केलीय. साहेबांना फोन लावा, मी बोलते. पण कपाट आत्ता उघडा." फोनवर साहेब काय म्हणाले मला ऐकू आलं नाही. ताई मात्र तीनदा म्हणाल्या, "बंद पडू द्या." दाखला हातात पडला तेव्हा सव्वातीन झाले होते. औरंगपुऱ्यात रिक्षा अडकली, रिक्षावाल्यानं गल्लीतून काढली. पाचला वीस मिनिटं कमी असताना रेणुका आत पळाली. जागा मिळाली.

तुकडी बंद पडली. मुलींना दुसरे विषय घ्यावे लागले, दोघी घरी बसल्या. ताईंच्या मैत्रिणींनी बोलणं सोडलं, माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याचं बोलावणं येईनासं झालं. ताई फिरत राहिल्या, मला घेऊन. पण आता म्हणायच्या, "झेरॉक्स द्या, मूळ कागद तुमच्याच पेटीत ठेवा." मुली कमी येऊ लागल्या. एकदा परतताना म्हणाल्या, "या वर्षी तीन कबूल झालेल्या पोरींची लग्नं लागली, सुमन. कागद आपल्याकडे असते तर..."

गेल्या आठवड्यात सुनेनं मला कपाट आवरायला बोलावलं. साड्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत एक टीसी होती. मूळ. नाव यमुना, देवगावच्या पुढच्या धनगरवस्तीवरची. वर्ष रेणुकाच्या आधीचं. मग मला आठवलं, ही मुलगी कबूल होऊन प्रवेशाला आलीच नव्हती, म्हणून दाखला कॉलेजात न जाता ताईंकडेच राहिलेला. दाखल्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली, ताईंच्या अक्षरात. "वस्तीवर जाऊन आले. घर बंद. मेंढरं घेऊन लांब गेलेत." खाली, "पुन्हा जाऊन आले. ते परतले नाहीत." त्याखाली नुसतं, "पुन्हा." या फेऱ्यांना ताई मला कधी घेऊन गेल्या नाहीत, कधी बोलल्याही नाहीत. ही मुलगी इतकी वर्षं या कागदाशिवाय कुठं गेली असेल?

सुनेनं विचारलं, "मावशी, कॉलेजात देऊन टाकू का?" मी नको म्हणाले.

आता पावसाळा आहे, मेंढरं परत आली असतील. रविवारी मी वस्तीवर जाणार आहे. यमुना सापडली तर विचारेल, इतके दिवस कागद कुठं होता. मला सांगता येईल असं वाटत नाही. कागद द्यायचा, समोर बसायचं, आणि ती बोलेल ते ताईंच्या वाटचं ऐकून यायचं.