सरसकट ‘होय’

मुलींची यादी उंचीप्रमाणे लावायची, ही कल्पना आमच्या मंडळात मुळात कुणाला सुचली ते मला अजून कळलेलं नाही. कळलं तर त्याला मी केळीच्या घडांबरोबर प्रतवारीला बसवीन. वधू-वर सूचीची पुस्तिका दरवर्षी निघते. मुलगे शिक्षणाप्रमाणे, मुली उंचीप्रमाणे. शेजारी रंगाचा रकाना: गोरा, निमगोरा, गव्हाळ. ‘सावळा’ असं आजवर एकाही बापाने लिहून दिलेलं नाही. खानदेशातलं ऊन बहुधा दुसऱ्यांच्याच पोरींना लागतं. हे सगळं कॉम्प्युटरवर मी सांभाळते आणि सांभाळताना मला शिसारी येते. पण जळगावात एका कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात उभं आयुष्य काढलेली, निवृत्तीनंतर धुळ्याला देवपुरात लेकीकडे राहायला आलेली आणि गप्प बसवत नाही अशी म्हातारी मंडळाला दुसरी मिळालेली नाही.

यंदा त्यात नवा रकाना आला. ‘लग्नानंतर नोकरी सोडण्यास तयार: होय / नाही.’ फक्त मुलींसाठी. रकाना आमच्या सचिवांच्या डोक्यातून निघालेला. निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना नाना म्हणतात.

“अक्का, सगळ्यांना सरसकट ‘होय’ टाकून द्या,” नाना म्हणाले. “एका ओळीचं काम. जिचं ‘नाही’ असेल ती ओरडेल, मग बदलू.”

“आणि जी ओरडणार नाही ती?”

“तिचं ‘होय’च असतं हो.”

“नाना, शाळेतही असेच मार्क द्यायचात का? सगळे नापास, रडेल तो पास?”

नाना चष्मा पुसायला लागले. नाइलाजाने प्रत्येकीला विचारायचं ठरलं.

उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर आली. ‘होय’, ‘हो’, ‘बघू’, ‘सासूबाई म्हणतील तसं’. एका बापाने लिहिलं, ‘तिला काय विचारायचं, मी सांगतो ना.’ वाचून हात धुवावेसे वाटले. आणि नव्या मुली सोडल्या तर प्रत्येकाने ओळख म्हणून दिला होता मागच्या पुस्तिकेतला नंबर. आमच्या लोकांना पोरीची जन्मतारीख आठवायला बायकोला हाक मारावी लागते, पण पुस्तिकेतला नंबर तोंडपाठ. पान दुमडून ती देवघरात ठेवलेली असते.

सगळ्यांना एकच उत्तर टाकायचं असेल तर डेटाबेसला एक वाक्य सांगितलं की झालं. पण इथे प्रत्येक ओळीत वेगळं उत्तर जायचं होतं. तरुणपणी मी असल्या कामात फार ऐटीत नापास व्हायची. पंगत बसलीय समजा. मी एका पानाजवळ जायची, काय हवं विचारायची, स्वयंपाकघरात परत जायची, एक पुरी आणून वाढायची, मग दुसऱ्या पानाकडे. शेवटच्या पानाला पुरी पोचेपर्यंत पहिला माणूस हात धुऊन घरी. एकदा सगळ्या कामगारांच्या शिल्लक रजा अशाच एकेक ओळ करून वाढवत होते आणि मध्येच वीज गेली. अर्ध्या पंगतीला वाढलेलं, अर्धी कोरडी, आणि कुठपर्यंत आले होते ते मलाच ठाऊक नाही. मी काय केलं? पुन्हा पहिल्या पानापासून सुरू! अर्ध्या कारखान्याला दुप्पट रजा. वर साहेबांना, पदर सावरत, “सर, मशीन जरा स्लो आहे.” मशीन स्लो! ती बया आज समोर आली तर मी तिला चहासुद्धा देणार नाही.

शहाणपण आलं ते केस पिकल्यावर. सगळी उत्तरं आधी एका वेगळ्या टेबलात भरायची. प्रत्येक उत्तरापुढे मुलीचा कायमचा नोंदणी क्रमांक, जो कधी बदलत नाही. मग ते टेबल मूळ टेबलाला त्या क्रमांकावर जोडायचं आणि एकाच अपडेटने जिचं उत्तर तिच्या ओळीत. एकाच फेरीत सगळी पंगत. आणि ते वाक्य असं बांधून ठेवायचं की बदललं तर सगळं बदलेल, मध्ये काही बिघडलं तर काहीच बदलणार नाही. मूळ प्रतीची नक्कल आधी काढलेली असली की झोपही लागते.

नक्कल मी काढली आणि भाचीच्या डोहाळजेवणाला जळगावला गेले. येऊन बाकीचं करणार होते. नानांना तेवढा दम कुठला. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. उत्तरं एक्सेलमध्ये उतरवली, शेजारच्या चौकटीत एक सूत्र लिहिलं आणि कोपरा धरून खालपर्यंत ओढलं. झाली शेकडो अपडेट वाक्यं तयार, एकेका मुलीला एकेक. सगळी उचलून दिली डेटाबेसमध्ये चिकटवून. मला फोन करून म्हणाले, “अक्का, तुम्ही उगाच बाऊ करता!”

घोटाळा असा, की लोकांनी दिलेले नंबर मागच्या पुस्तिकेतले, आणि नानांनी ते लावले यंदाच्या नंबरांना. यंदा नव्या मुली आल्या होत्या, उंचीप्रमाणे त्या अधेमधे घुसल्या आणि सगळ्यांचे नंबर सरकले होते. प्रत्येकीचं उत्तर दुसरीच्या पदरात पडलं.

मी शनिवारी परत आले तेव्हा मंडळाच्या खोलीत फोन वाजत होते. रविवारी वधू-वर मेळावा, आणि यंदाची सूची छापण्याआधीच सगळ्यांच्या मोबाइलवर उघडी, इथे बदललं की तिथे लगेच दिसणार. एक आई रडत होती: आमची गरीब गाय, कधी वर मान करत नाही, तिच्यापुढे ‘नाही’ कुणी लिहिलं? जमत आलेलं स्थळ मागे सरलं! नाना मला बघून देवपुरातलं प्रमाण मराठी विसरले. “अक्का, बठ्ठा गोंधय हुई गया!”

“दिसतंय,” मी म्हटलं आणि बसले.

नक्कल परत चढवली. जुना नंबर आणि कायमचा नोंदणी क्रमांक अशी जोड्यांची यादी केली. एवढ्यात एक मुलगी आणि तिचे वडील आत आले. ते नशिराबादचे, केळीवाले शेतकरी. ती दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीवर काम करते. डोळ्यांवरून रात्रपाळी उतरलेली नव्हती, तशीच एसटीत बसून आली होती.

“मावशी, मी ‘नाही’ लिहून दिलं होतं,” ती म्हणाली. “तिथे ‘होय’ दिसतंय.”

“दुरुस्तच करतेय, बाई.”

“थांबा अक्का,” वडील म्हणाले. “तुम्ही बाकीच्यायचं करा. हिचं राहू द्या तसंच.”

मी मान वर केली. त्यांनी आवाज उतरवला, जणू पोरीला ऐकू जात नव्हतं. “जयगावचं स्थय हाये. पोरगा चांगला, घर चांगलं. ते ‘होय’ पाहूनच त्यायनं फोन केला. उद्या मेळाव्यात होकार देतो म्हने. एकच तं शब्द हाये!”

नाना लगेच पुढे सरसावले. “तेवढी एक ओळ सोडा अक्का. चुकून का होईना, पोरीचं भलं होतंय.”

चुकून भलं! किळस आली, आणि सगळ्यात जास्त आली ती माझीच. कारण मला बघायला आले तेव्हा हाच प्रश्न मला विचारला होता. आणि मी काय म्हटलं? पदराचं टोक बोटाला गुंडाळत, जमिनीकडे बघत, “तुम्ही म्हणाल तसं.” काय तो मधाळ आवाज! नोकरी टिकली ती माझ्यामुळे नाही, सासूबाईंमुळे. आठवडाभर मला घरात बघून त्यांनीच हात जोडले की ही ऑफिसलाच बरी. या पोरीने मात्र कुणी विचारल्याबरोबर दोन अक्षरांत सरळ उत्तर दिलं होतं, आणि आता दोन म्हातारे ते पुसायला बसले होते.

“एक ओळ सोडता येत नाही, नाना,” मी म्हटलं. “जोडणीत एक सोडली की बाकीच्या पण अडतात.”

हे धडधडीत खोटं. एक ओळ सोडायला अर्धं वाक्य पुरतं. पण नानांचं शिक्षण त्या व्हिडिओपाशी संपलं होतं.

“बघा हं, काही जमतंय का,” ते म्हणाले.

“बघितलं. नाही जमत.”

मुलगी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी अपडेट चालवला. जितकी उत्तरं होती तितक्याच ओळी बदलल्याचं आलं. तिची ओळ काढून तिला दाखवली. ‘नाही’. मग कायम करायचा हुकूम दिला. चहा गाळायलाही याहून जास्त वेळ लागतो.

चहा मात्र प्यायचा राहिला. वडिलांचा फोन वाजला. जळगावच्या मुलाची आई. आवाज एवढा खणखणीत की आम्हा सगळ्यांना ऐकू आला: “अहो भाऊ, सकाळी ‘होय’ होतं, आता ‘नाही’ कसं झालं?”

वडील गोंधळले. मुलीने फोन हातात घेतला. “काकू, सकाळचं चुकलेलं होतं. आताचं माझं आहे.”

“निदान रात्रपाळी तरी सोडशील ना?”

“वीज रात्री पण लागते ना, काकू.”

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग उद्या आम्हाला जमायचं नाही, पाहुणे यायचेत, असं सांगून फोन बंद झाला. रीतसर, गोड आवाजात. असले गोड आवाज मला कडुलिंबापेक्षा नकोसे वाटतात.

वडील खुर्चीत बसून राहिले. मुलगी खिडकीशी गेली. मला वाटलं, आता हा माणूस पोरीवर डाफरणार, आणि मी तोंड उघडायच्या तयारीत होते.

“अक्का,” ते म्हणाले, “तुमच्या त्या मशीनमधून पोरं निघतीन का? ज्यायले बायकोची नोकरी चालते, अशी?”

“नाही निघणार, आबा.”

“काहून? एवढं बठ्ठं त्यात हाये ना?”

“तो रकाना मुलींनाच आहे. मुलांना कुणी काही विचारलेलंच नाही.”

त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना चष्मा पुसायला लागले.

“मग विचारा ना, नाना.”

“आता? उद्या मेळावा! इतक्या मुलांना एकेकाला विचारायचं म्हणजे...”

“विचारा,” वडील म्हणाले आणि पायातल्या चपला काढून खुर्चीत नीट मांडी घालून बसले. “आमची एसटी संध्याकायी हाये.”