दत्ताच्या पायाशी चार कुत्री

आमच्या वेल्हे खोऱ्यातल्या गावात दत्ताचं देऊळ नव्यानं बांधलं, तेव्हा भिंतीवर चित्र काढायला भोरहून रंगारी आणला. दत्तामागे गाय, पायाशी चार कुत्री, सगळी गुण्यागोविंदानं. रंगाऱ्याला बघून काढायला एखादं शांत कुत्रं हवं होतं. आमची कुत्री नुकतीच व्यायली होती, उन्हात पडून असायची. त्यानं तिलाच चारदा काढली, ओथंबलेल्या आचळांसकट.

देवळाचा कारभार माझ्या चुलत सासऱ्यांकडे. ते म्हणाले, "देवापाशी मादी? बरं दिसतं का? पुसा त्ये." रंगाऱ्यानं पोटं सपाट केली.

भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी गावातली कुत्री पोत्यांत भरून टेम्पोनं हायवेवर कापूरहोळला सोडायचं ठरलं. पंगतीत लुडबुडली तर पाहुणे नावं ठेवतील म्हणे.

"मामा, हिच्या पिल्लांनी अजून डोळं उघडलं न्हाईत," मी म्हणाले.

"ढाब्यावर लई हाडं मिळत्यात. उपाशी न्हाई मरायची ती."

"ती न्हाई, पिल्लं मरतील."

त्यांनी आमच्या कुत्रीला पोत्यात घातली आणि तोंड आवळलं. माणूस मनानं चांगला, असं गाव म्हणतं. मी म्हणत नाही.

थंडीचे दिवस. सकाळी एकच पिल्लू जिवंत होतं. गाईचं दूध कापसाच्या वातीनं चोखवत मी त्याला पदराखाली धरून बसले. एवढं एक जगावं, बाकी काही नको होतं.

दुपारी पिल्लू पदराखाली धरूनच मी देवळात वाढायला गेले. पानं वाढून झाली आणि माशी शिंकली. आमच्याकडे दत्ताच्या नैवेद्यातला पहिला घास कुत्र्यानं खाल्ल्याशिवाय कुणी जेवत नाही. आता कुत्रं आणायचं कुठून? सगळी यांनीच घालवलेली. भिंतीवरची चार काही खाली उतरेनात. पंगत भुकेनं चुळबुळायला लागली, तेव्हा कुणीतरी माझ्या पदराकडे बोट दाखवलं.

"मामा, त्याला गिळता येत न्हाई. पाया पडते तुमच्या."

"देवाचा घास हाय. काय हुत न्हाई."

त्यांनी पिल्लू ओढून घेतलं आणि चित्राखालच्या पायरीवर बसून शिरा बोटानं त्याच्या घशात सारला. पिल्लानं पाय झाडले.

"घेतला," त्यांनी पंगतीला सांगितलं. दत्ताचा जयजयकार झाला, लोकांनी भात कालवला.

मी पिल्लू परत घेतलं. शिरा बाहेर काढायला बोट घातलं, पण तोवर ते गेलं होतं. चुलत सासरे हात धुऊन माझ्यापाशी आले.

"मेल्याला शिवलीस," ते म्हणाले. "आंघोळ कर, मंग ये वाढायला."