सागाचे रान तोडू नये म्हणून

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्ज लिहिणे, बैठक चिटगुप्पा येथे कचेरीसमोर, लिंबाखाली. सामनेवाले : माझे थोरले बंधू, ज्यांना मी अण्णा म्हणतो, निवृत्त शिक्षक, सध्या मुक्काम मुलाकडे शहरात. मिळकत : आमचे वडील, अप्पा, यांनी मुरमाड माळावर वाढवलेले सागाचे लहानसे रान. तारीख : यंदाची पानगळ. साक्षीदार : एक लाकूडतोड्या व त्याची बायको, दोघेही हयात. नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. घरातल्या माणसाचे नाव तक्रारीत घातले की तो परका वाटू लागतो.

हकीकत अशी की, गेल्या महिन्यात अण्णा एका ठेकेदाराला घेऊन आले. दोघे रानातून फिरले. बांधावर येऊन अण्णा मला म्हणाले, "ह्येच का तुझं सांभाळणं? चांगल्या जागेवर वाकडीच झाडं हुभी हाईत. समदं काढू अन् तूर पेरू."

ठेकेदाराने मान डोलावली. रान दोघांच्या नावावर आहे, माझ्या होकाराशिवाय कुऱ्हाड पडणार नाही. परंतु धाकट्याचा होकार गृहीत धरण्याची आमच्या घरातली रीत जुनी आहे. सबंध तालुक्याची गाऱ्हाणी लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचे गाऱ्हाणे तोंडी सांगता येत नाही, म्हणून हे लेखी.

अप्पांचे पेठेत भुसार दुकान होते. दुकान बंद केल्यावर त्यांचा जीव त्या रानात असे. पुढे गुडघे दुखू लागले, तेव्हा मला म्हणाले, "आता तू शिक." मी चाळिशी ओलांडलेली होती. झाडतोडीच्या परवानगीचा अर्ज मी लिहीत असे व तो सहसा परत येत नसे, ही बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे. त्यामुळे शिकण्यासारखे फार उरले असेल असे मला वाटले नव्हते.

रविवारी सकाळी आम्ही जात असू. सागाची वाळलेली पाने पायाखाली पापडासारखी मोडत. अप्पा एका दगडावर बसून काठीने दाखवत. फांदी कापताना आधी खालून थोडा काप द्यायचा, मग वरून. नाहीतर पडताना ती खोडाची साल सोलत खाली येते. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे कातडी जराशी सुजल्यासारखी असते. ती सूज राखून कापले की जखम आपोआप मिटते. तोडलेल्या बुंध्याचा माथा उतरता ठेवायचा, पाणी साचू द्यायचे नाही. त्यातून धुमाऱ्यांचा झुपका फुटला की एकच जोमदार राखायचा, बाकीचे लहान असतानाच काढायचे. मला ते जड जाई.

"कामून थांबलास?" अप्पा विचारत.

"समदेच चांगले दिसायलेत, अप्पा."

"दिसनारच की. समदे ठिवलास तर एक बी खांब व्हनार न्हाई."

उन्हाळ्याआधी रानाच्या कडेने गवत खरडून मोकळा पट्टा करायचा, म्हणजे शेजारच्या बांधावरची आग आत येत नाही. पट्टा झाला की आम्ही त्याच पट्ट्यात बसून भाकरी व कारळाची चटणी खात असू. तशी भूक मला पुन्हा लागलेली नाही.

मग विरळणीचे वर्ष आले. दाटी झाली होती. वाकडी, खुजी झाडे काढून सरळ झाडांना उजेड द्यायचा होता. अप्पा म्हणाले, "जी काढायची, त्यास्नी चुन्याची खूण कर." मी आदल्या संध्याकाळी गेलो. डब्यातला चुना दगड झालेला. आम्ही लिंगायत; पिशवीत पूजेची विभूती होती, पांढरीच. ती ओली करून खुणा केल्या. हाताला दुसरे वळण माहीत नसल्यामुळे प्रत्येक वाकड्या खोडावर, रोज कपाळाला लावतो तसे, तीन बोटांचे आडवे पट्टे उमटले.

सकाळी अप्पांसह मी पोहोचलो, तर लाकूडतोड्या कुऱ्हाड खाली ठेवून उभा, आणि त्याची बायको पदर सावरून झाडांना हात जोडत होती.

"कामून थांबलाव?" अप्पांनी विचारले.

"अप्पा, देवाला सोडलेलं झाड कसं तोडावं?" तो म्हणाला.

"देवाला न्हाई सोडलेलं. खूण हाय ती, तोडायची," मी समजावले.

बायको हसली. "व्हय का? लिवणारे सायेब, कपाळाला विभूती लावून मान कापायला बोलवलाव आमाला?"

मी ओले फडके मागितले. अप्पांनी माझा हात धरला. "लावलेली विभूती तोडण्यासाठी पुसायची न्हाई. ऱ्हाऊ दे." मग ते त्या खोडांकडे पाहून इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. "इष्टलिंग मानणाऱ्याच्या पोरानं समद्या वाकड्यास्नीच दीक्षा दिली की रे!"

त्या दिवशी बिनखुणेच्या झाडांतून पुन्हा निवड झाली. अप्पा स्वतः काठी टेकत झाडाझाडापाशी गेले, शेंड्याकडे बघून, खोडावर हात ठेवून एकेक सांगत गेले, आणि का, तेही सांगत गेले. खरा मी त्या दिवशी शिकलो. पुढच्या पानगळीला अप्पा नव्हते.

सबब, अण्णांना जी झाडे दिसली ती हयगयीने राहिलेली नाहीत, अप्पांच्या शब्दाने राहिलेली आहेत. त्यांच्या भोवतीचे सरळ साग अजून खांबाजोगे झालेले नाहीत. आत्ता सर्व तोडले तर ठेकेदाराला सरपण मिळेल, आणि अप्पांनी मला दिलेली विद्या वापरण्यास जागा उरणार नाही. अण्णांना शाळा मिळाली, मला मॅट्रिकपर्यंतही पोहोचता आले नाही. शिकलेली म्हणावी अशी माझी गोष्ट ही एकच आहे.

तरी थोरल्या बंधूंस नम्र विनंती की, ठेकेदारास शब्द देण्यापूर्वी त्यांनी एक रविवार माझ्याबरोबर रानात काढावा. करवत मी आणीन. कोणते झाड राखायचे व कोणते काढायचे, हे दोघांनी झाडापाशी उभे राहून ठरवावे. त्यानंतरही तूरच पेरायची असे त्यांचे मत राहिले, तर ते त्यांनी मला त्याच जागी, तोंडावर सांगावे. लेखी उत्तराचा आग्रह नाही. उत्तर मात्र मिळावे.