चुलीचं हॉट वर्क परमिट

"चूल पेटवायची तर आधी परमिट भरावं लागेल," असं मी म्हणालो, तेव्हा सोळा कुटुंबं भुकेली होती आणि माझी बायको मला ओळख दाखवायला तयार नव्हती.

मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर. एचआरने पनवेलच्या पुढे, हिराबाईंच्या दीड एकराच्या वाडीवर फॅमिली कॅम्प ठरवला होता. गॅस नाही, मिक्सर नाही, सगळ्यांचे मोबाईल एका पोत्यात. विहिरीचं पाणी ओढायचं, चुलीवर रांधायचं. प्लांट हेड साहेबांनी मला बजावलं होतं, एकाही मुलाला इजा झाली तर उत्तर तुम्ही द्यायचं.

हॉट वर्क परमिट म्हणजे आग किंवा ठिणगीचं कुठलंही काम करण्याआधीची लेखी परवानगी. प्लांटमध्ये वेल्डिंगला लागते. मग चुलीला का नको?

पहिला प्रश्न, परिसरात ज्वलनशील वायू आहे का? हिराबाईंची चूल गोठ्याजवळ आणि गोठ्यामागे शेणाचा खड्डा. मी कमरेचा गॅस मीटर काढून खड्ड्यात धरला. तो जोरात वाजायला लागला. मुलांनी तो म्हशीलाही लावायचा हट्ट धरला. मी ठाम नकार दिला. मग एकदाच लावला. म्हैस सेफ निघाली.

तर ती चूल रद्द. मी बांधाजवळ आंब्याखाली मोकळी जागा निवडली. पाला झाडला, टेपने अंतर मोजलं, तीन दगड मांडले. आता फायर वॉच हवा, म्हणजे आगीवर लक्ष ठेवत पाण्याची बादली घेऊन उभा राहणारा माणूस. रिकामे फक्त साहेब होते. ते हेल्मेट घालून, दोन बादल्या घेऊन उभे राहिले. मुलं कडेने गोल करून बसली.

शेवटची सही एरिया ओनरची, म्हणजे जागेच्या मालकाची. मी हिराबाईंना अख्खा कागद वाचून दाखवला. त्यांनी नीट ऐकला आणि पेन मला परत दिलं.

"मी नाय सई करनार."

साहेबांनी कारण विचारलं.

"तुमी सगला खाली बगितलाव. वर कोन बगनार?"

आम्ही वर पाहिलं. बरोबर चुलीवरच्या फांदीला सुपाएवढं आग्यामोहोळ लटकत होतं. धूर वर गेला असता आणि हजारो मधमाश्या खाली आल्या असत्या, मुलांच्या अंगावर. साहेबांनी दोन्ही बादल्या इतक्या हळू खाली ठेवल्या की पाणीही हललं नाही. मुलांना आम्ही चवड्यांवर चालवत बाहेर काढलं.

हिराबाईंनी आपली गोठ्याजवळची चूल पेटवली. मी भीत भीत तिथे मीटर धरला. शून्य. खड्ड्यात धरण्याऐवजी आधीच चुलीजवळ धरला असता तर तासाभरापूर्वीच जेवलो असतो, हे बायकोने सगळ्यांसमोर सांगितलं. भाकरी आणि सुकटीचं कालवण मात्र तिनेच मला वाढलं, तेही सगळ्यात शेवटी.

गोठ्याजवळच्या त्या चुलीचं परमिट भरायचं राहूनच गेलं, त्यामुळे कागदोपत्री आम्ही त्या दिवशी उपाशी आहोत. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत सही करण्याआधी जागा बघणाऱ्या हिराबाई पहिल्याच. बाकी सगळे मला बघून सही करतात.